जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीचा गियर अडतोय? पेटी उघडण्याआधी केबल तपासा

अमेरिकेत किंवा कॅनडात तळ्याकाठी राहणारी आपली मंडळी पहिली बोट घेतात तेव्हा ती बहुधा सेकंडहँड असते, आणि बऱ्याचदा ऐंशी-नव्वदच्या दशकातली. इंजिन एका चावीत सुरू होतं, गाद्या बऱ्या असतात, ट्रेलरही धड असतो. मग पहिल्याच दिवशी धक्क्याजवळ गियरचा दांडा रिव्हर्समध्ये जात नाही, किंवा फॉरवर्डमधून न्यूट्रलला आणताच इंजिन बंद पडतं. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं असेल तर रिव्हर्स लागतो, त्यामुळे गियरची कुरबूर ही गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. शेजारी दुसऱ्या बोटी असतात, पाण्यात पोहणारी मुलं असतात.

नवख्या माणसाला वाटतं की गियर अडतो म्हणजे गियरची पेटी गेली, आणि तो थेट मोठ्या खर्चाच्या विचारात पडतो. जुन्या बोटींत दोष पेटीच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त असते: गंजलेली केबल, तिचं चुकलेलं माप, वाढलेला आयडल (ताकद न देता इंजिन फिरतं तो वेग), किंवा आतून सुटलेला पंखा, म्हणजे प्रॉपेलर. म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. दांड्यापासून पंख्यापर्यंतची साखळी मधोमध तोडायची, एकेक तुकडा हाताने हलवून बघायचा आणि अडतंय ते ठिकाण शोधून काढायचं. सुटे भाग त्यानंतर मागवायचे.

उदाहरणासाठी मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह घेतला आहे. तो 1983 मध्ये आला, 1991 पासून त्याची दुसरी पिढी निघाली, आणि जुन्या बाजारात सगळ्यात जास्त गाठ याच्याशीच पडते. व्होल्व्हो पेंटा आणि ओएमसी या दुसऱ्या बनावटींबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

ताकद पंख्यापर्यंत कशी पोचते

कोकणातल्या मच्छीमार ट्रॉलरची रचना बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. इंजिन आत, त्याला चिकटून गियरबॉक्स, तिथून सरळ शाफ्ट बाहेर आणि टोकाला पंखा. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आतच असतं, पण गियर बोटीच्या बाहेर, पाण्यात असतात. इंजिनाचा शाफ्ट मागच्या भिंतीतून, म्हणजे ट्रान्सममधून, बाहेर पडतो. युनिव्हर्सल जॉइंटमधून ड्राइव्हच्या वरच्या भागात शिरतो, तिथे काटकोनात खाली वळतो आणि तळाच्या पेटीत पुन्हा काटकोनात मागे वळून पंख्याला मिळतो.

अल्फामध्ये फॉरवर्ड आणि रिव्हर्सची चाकं तळाच्या पेटीत, पंख्याच्या शाफ्टवर समोरासमोर बसलेली असतात. इंजिन चालू असताना दोन्ही चाकं सतत फिरत असतात, उलट दिशांना. त्यांच्यामध्ये एक दातेरी क्लच पुढे-मागे सरकतो आणि ज्या चाकाला जाऊन भिडतो त्या दिशेने पंखा फिरतो. मधे राहिला की न्यूट्रल. घसरून हळूच पकडणारा हा क्लच नव्हे. दात दातांत बसतात, एकदम. म्हणूनच गियर टाकताना एक स्पष्ट ठक आवाज येतो, आणि तो आवाज यायलाच हवा.

गियर काढताना अडचण वेगळी असते. इंजिन रेटत असतं तोवर दात एकमेकांवर दाबून घट्ट बसलेले असतात आणि केबलच्या ओढीने ते सुटत नाहीत. मर्क्रूझरने त्यावर एक छोटा खटका दिला आहे, शिफ्ट इंटरप्टर स्विच. इंजिनावरच्या शिफ्ट प्लेटवर इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला एक लिव्हर असतो आणि या खटक्याचं चाक त्या खाचेत बसतं. गियर काढताना केबलवर ताण आला की लिव्हर किंचित वाकडा होतो, चाक खाचेच्या चढावर चढतं, खटका दाबला जातो आणि क्षणभर इंजिनाची ठिणगी तुटते. इंजिन अडखळतं, दातांवरचा दाब जातो, क्लच सुटतो, चाक परत खाचेत येतं आणि इंजिन चालू राहतं. हे सगळं इतक्या चटकन होतं की सीटवर बसलेल्याला फक्त हलकासा धक्का जाणवतो.

ही कल्पना पक्की डोक्यात बसली की पुढचं निदान अर्धं सोपं होतं.

हात लावण्याआधी

पेट्रोल इंजिन बंद कप्प्यात असतं. त्यामुळे कव्हर उघडा, वास घ्या, आणि चावी फिरवण्याआधी बिल्जचा (बोटीच्या तळाच्या पोकळीचा) ब्लोअर निदान चार मिनिटं चालवा. वायर किंवा पंख्याजवळ काम करायचं असेल तेव्हा बॅटरीची ऋण तार काढून ठेवा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. ट्रेलरवर इंजिन चालवायचं असेल तर ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर पाण्याच्या नळीचे मफ, म्हणजे रबरी वाट्या, लावलेलेच हवेत. अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो आणि कोरडा फिरला की त्याचं रबरी इंपेलर फार लवकर जळतं. ट्रेलरवर इंजिन आयडलच्या फार वर नेऊ नका. पंखा काढून ठेवता आला तर काढाच, आणि मागे कुणी उभं राहणार नाही याची खात्री करा. ड्राइव्ह पूर्ण खाली असावा.

एक नियम लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना दांडा जोर लावून गियरमध्ये ढकलू नका. चाकं थांबलेली असतात, दातासमोर दात आला तर क्लच आत जाणारच नाही, आणि लावलेला जोर केबल किंवा लिव्हर वाकवण्यात जाईल. बंद इंजिनावर गियर बघायचा असेल तर एकाने पंखा हाताने फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने दांडा अलगद सरकवायचा.

लक्षण काय सांगतं

फॉरवर्डमधून न्यूट्रलला येताना इंजिन मरत असेल तर पहिला संशय खालच्या केबलवर घ्यावा, म्हणजे शिफ्ट प्लेटपासून ट्रान्सममधून बाहेर ड्राइव्हकडे जाणाऱ्या केबलवर. ती जड झाली की तिच्या ओढीनेच खटका दाबलेला राहतो, आणि क्षणभराऐवजी सेकंदभर ठिणगी तुटली की इंजिन बंद. अल्फामध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे.

इंजिन चालू राहतं पण गियर सुटतच नाही, असं असेल तर खटका दाबला जात नाही किंवा त्याची वायर तुटली आहे. गियर टाकताना करकर असा दळल्यासारखा आवाज आला तर आयडल जास्त आहे, दांडा फार हळू सरकवला जातोय, किंवा केबलचं माप चुकलं आहे. एका दिशेला गियर नीट पडतो आणि दुसऱ्या दिशेला अर्धवट, तर माप चुकल्याची शक्यता सर्वाधिक. गियर पडतो, पण ताकद दिली की ठकठक करत उडतो, तर क्लच पूर्ण आत जात नाही किंवा त्याच्या दातांच्या कडा गोल झाल्या आहेत. आणि गियर पडल्याचा ठक आवाज येतो, ताकद दिली की इंजिन वर ओरडतं पण बोट जागची हलत नाही किंवा सरपटत राहते, करकर किंवा ठकठक मात्र नाही, तर पंख्याच्या आतलं रबर सुटलं असेल.

सोप्या गोष्टी आधी

पुष्कळ दांड्यांवर न्यूट्रलमध्येच इंजिनाचा वेग वाढवण्यासाठी एक बटण असतं किंवा दांडा बाहेर ओढायची सोय असते. थंड इंजिन गरम करण्यासाठी ती दिली आहे. ते बटण त्याच स्थितीत राहिलं तर दांडा पुढे जातो, इंजिन वाढतं, गियर मात्र पडत नाही. नवी बोट घेतलेल्याने हे सगळ्यात आधी बघावं.

मग आयडल. कार्ब्युरेटरच्या बहुतेक मर्क्रूझर इंजिनांचा आयडल गियरमध्ये, पाण्यात, मिनिटाला 600 ते 700 फेऱ्यांच्या आसपास असतो; तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या सेवापुस्तिकेत असतो. तो 900-1000 वर नेऊन ठेवलेला असेल तर प्रत्येक वेळी दात एकमेकांवर आपटतात. आधीच्या मालकाने इंजिन मरू नये म्हणून आयडल वाढवून ठेवला असण्याची शक्यता असते. तसं असेल तर मूळ दोष अजून तिथेच आहे. बोटीतला फेऱ्यांचा काटा जुना असतो, त्यामुळे शक्य झालं तर वेगळ्या टॅकोमीटरवर खात्री करा.

तिसरी गोष्ट सवयीची. गाडी शिकताना क्लच हळू सोडायला शिकलेलो असल्यामुळे आपण बोटीचा दांडाही हळूहळू सरकवतो. दातेरी क्लचला ते घातक आहे. दात कडेवर कडा घासत राहतात आणि झिजतात. इंजिन आयडलवर येऊ द्या, क्षणभर थांबा, मग दांडा एका झटक्यात आत न्या. जोर नको, चपळाई हवी.

पंख्याचं रबर तपासायला पंखा काढावाही लागत नाही. पंख्याच्या आतल्या हबपासून बाहेरच्या नळीपर्यंत, मागच्या तोंडावर, रंगाची एक सरळ रेघ मारा. पाण्यात जाऊन ताकद देऊन या. परत आल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रबर सुटलं आहे आणि गियरचा दोष नाही.

पंखा हाताने फिरवून बघा

इंजिन बंद, चावी खिशात. मागे उभं राहून पंख्याकडे बघा. खालचा हिशेब उजव्या फिरतीच्या नेहमीच्या पंख्याचा आहे. न्यूट्रलमध्ये तो दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे. मदतनीस दांडा फॉरवर्डमध्ये सरकवत असताना तुम्ही पंखा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत राहा. गियर पडला की तो थांबेल. त्यानंतर घड्याळाच्या दिशेने फिरवला तर टकटक करत सुटेल, कारण फॉरवर्डकडचे दात एका बाजूने उतरते असतात. रिव्हर्समध्ये टाकताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. रिव्हर्स पूर्ण पडला की पंखा दोन्हीकडे अडला पाहिजे.

दांडा पूर्ण फॉरवर्डला असूनही पंखा अडत नसेल तर क्लच पोचतच नाही. दांडा न्यूट्रलला असूनही एका बाजूला टकटक येत असेल तर क्लच मधोमध नाही. या परीक्षेला खर्च नाही, आणि माप चुकलंय की नाही हे ती लगेच सांगते.

साखळी मधोमध तोडा

आता मुख्य काम. इंजिनावर शिफ्ट प्लेट शोधा. तिथे दोन केबल्स येऊन मिळतात: एक दांड्याकडून येणारी वरची, दुसरी ट्रान्सममधून ड्राइव्हकडे जाणारी खालची. प्रत्येकीचं टोक एका खुंटीवर आणि तिचा पितळी बॅरल (केबलवर फिरवून सरकवता येणारा तुकडा) दुसऱ्या खुंटीवर बसवलेला असतो. सोडण्याआधी फोनवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा. कुठली वॉशर कुठे होती हे तासाभरानंतर आठवत नाही.

दांडा न्यूट्रलला ठेवून वरची केबल दोन्ही खुंट्यांवरून सोडवा आणि आता दांडा पुढे-मागे करा. तो हलका झाला तर वरची केबल आणि कंट्रोल बॉक्स ठीक आहेत. अजूनही जड असेल तर दोष इथेच आहे, आणि हा सगळ्यात स्वस्तात सुटणारा प्रकार. याच वेळी केबलच्या टोकाची धावही मोजा. टोक घट्ट ढकलून आणि ओढून, पूर्ण फॉरवर्ड ते पूर्ण रिव्हर्स, ती 3 इंचांच्या आसपास भरली पाहिजे. खूप कमी भरली तर केबल ताणलेली आहे किंवा कंट्रोल बॉक्समधला भाग झिजला आहे.

मग शिफ्ट प्लेटच्या लिव्हरवरून खालच्या केबलचं टोक सोडवा आणि ते हाताने ढकला-ओढा, मदतनीस मागे पंखा फिरवत असताना. हालचाल सलग आणि हलकी हवी. मधे दचकून अडली, खरखर जाणवली किंवा पूर्ण हाताचा जोर लागला तर दोष खालच्या केबलमध्ये आहे किंवा ड्राइव्हमध्ये. या दोघांपैकी कोण, हे ड्राइव्ह उतरवल्याशिवाय खात्रीने कळत नाही. तरी अल्फावर मी आधी केबललाच दोषी धरीन.

तिचं असं का होतं हे समजून घ्या. ही केबल बोटीबाहेर पडते तिथे तिच्यावर एक रबरी भाता, म्हणजे शिफ्ट बेलोज, असतो. ड्राइव्ह वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलतो आणि केबल प्रत्येक वेळी त्याच जागी वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतल्या तारेचं घर्षण अस्तर कापतं. भाता फाटला की पाणी शिरतं, आणि पावसाळ्यात अंगणात राहिलेल्या सायकलच्या ब्रेकच्या तारेचं होतं तेच तिचं होतं. खाऱ्या पाण्यात हे लवकर होतं, गोड्या पाण्यात उशिरा, पण होतंच. फाटलेल्या भात्यातून शिरलेलं पाणी केबलच्या वाटेने बिल्जमध्येही येतं. पाण्यात बांधून ठेवलेली बोट अशा बारीक गळतीने बुडू शकते. म्हणून गियर सुरळीत असला तरी जुना, तडा गेलेला भाता बदलायलाच हवा.

खटक्याची परीक्षा

खटक्याच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. खटका मोकळा असताना मार्ग तुटलेला आणि दाबल्यावर जोडलेला दिसला पाहिजे. सतत जोडलेला दिसला तर खटका आत अडकला आहे, आणि अशा अवस्थेत इंजिन सुरूच होणार नाही. चाक खाचेच्या बरोबर मधे बसलंय का, ते न्यूट्रललाही पाहा आणि दोन्ही गियरमध्येही. स्थिर स्थितीत चाक कधीही चढावर दिसता कामा नये. चढावर असेल तर केबलवर कायमचा ताण आहे.

मफ लावून, इंजिन आयडलवर ठेवून, खटक्याचं चाक बोटाने क्षणभर दाबलं तर इंजिन लगेच अडखळलं पाहिजे. सैल बाह्या, दुपट्टा, लांब केस बेल्टपासून दूर ठेवा.

ट्रेलरवर पंख्याला पाण्याचा भार नसतो, त्यामुळे केबल बऱ्यापैकी जड असली तरी गियर सुटतो आणि इंजिन मरत नाही. ही गोष्ट बऱ्याच जणांना फसवते. इंजिन मरण्याची तक्रार पाण्यातच तपासावी: बोट पुढून आणि मागून दोरांनी धक्क्याला पक्की बांधून, आयडलवर, एक माणूस दांड्यावर आणि एक शिफ्ट प्लेटवर नजर ठेवून. खटक्याच्या वायरी सोडवून त्या कशाला टेकणार नाहीत अशा टेपने गुंडाळा आणि पुन्हा करून बघा. आता इंजिन मरत नाही पण दांडा काढायला जोर लागतोय, तर केबलचा दोष जवळजवळ सिद्ध झाला.

परीक्षा संपली की वायरी लगेच परत जोडा. खटका कायमचा काढून टाका असा सल्ला कुणीतरी देतंच. इंजिन मरणं थांबतं, हे खरं. पण मग गियर काढताना दातांवर पूर्ण दाब राहतो, कडा गोल होतात, आणि केबलच्या खर्चात भागणारं काम तळाच्या पेटीपर्यंत जातं. त्याहून वाईट म्हणजे धक्क्याकडे येताना गियर सुटलाच नाही तर बोट थांबवायला हातात काहीच उरत नाही.

खालची केबल बदलताना

यासाठी ड्राइव्ह उतरवावा लागतो. एकट्याने उचलण्याचं ते वजन नाही. दुसरा माणूस किंवा चाकांचा जॅक हवा. उतरवण्याआधी गियरचं तेल काढून घ्या. ते कसं आहे याबद्दल पुढे येतंच. दांडा फॉरवर्डमध्ये टाका. अल्फामध्ये शिफ्टचा दुवा फॉरवर्डमध्ये असला तरच सरळ मागे सुटतो. ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या, म्हणजे ट्रिमच्या, दोन दट्ट्यांच्या पिना काढा, कडेचे सहा नट सोडा आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढा.

आता बाहेरच्या घरात, म्हणजे बेल हाउसिंगमध्ये, केबलचं टोक एका छोट्या लिव्हरला लागलेलं दिसेल. ड्राइव्ह नसताना तोच लिव्हर हलवून बघा. अजून जड असेल तर केबल गेली. हलका झाला तर ड्राइव्हचा शिफ्टचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. अडचण तिथे आहे.

इंजिनाकडचं टोक खोलून, केबलच्या त्या टोकाला मजबूत दोरी बांधा आणि केबल मागच्या बाजूने बाहेर ओढा. दोरी तिच्या मागोमाग येईल आणि नवी केबल त्याच वाटेने आत न्यायला उपयोगी पडेल. बेल हाउसिंगमध्ये केबल एका आट्याच्या नटने बसवलेली असते आणि त्यासाठी खाचेचं खास सॉकेट मिळतं. ते घ्याच. पक्कडीने तो नट गोल झाला तर पूर्ण दिवस जातो. नवी केबल बसवताना आट्यांना सीलंट लावा, भाता नवा घ्या आणि त्याचे क्लॅम्पही नवे. केबलला आत घट्ट वळण नको, ती एक्झॉस्टला टेकायला नको आणि इंजिनाखाली चेपायला नको. वायरींच्या जुडग्यात प्लास्टिकच्या पट्टीने आवळूनही टाकू नका; तिला हलायला मोकळीक लागते.

ड्राइव्ह उतरलाच आहे तर युनिव्हर्सल जॉइंटचा मोठा भाता घडी उलगडून बघा आणि शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग बोटाने फिरवा. खरखरीत लागलं तर तेही आताच बदला. या कामांसाठी पुन्हा ड्राइव्ह उतरवण्यात शहाणपण नाही.

परत चढवताना दुवा आणि ड्राइव्ह दोन्ही फॉरवर्डमध्ये, शाफ्टच्या खाचांना ग्रीस, आणि नवं गॅस्केट. ड्राइव्ह शेवटच्या अर्ध्या इंचावर अडला तर नट आवळून त्याला ओढून घेऊ नका, कारण बहुधा शिफ्टचा दुवा जुळलेला नसतो आणि तो वाकतो. पंखा किंचित फिरवा, परत मागे घ्या, पुन्हा लावा. शेवटी सहाही नट समोरासमोर, थोडे थोडे करत 50 फूट-पाउंडांपर्यंत आवळा.

माप जुळवणं

क्रम चुकवू नका: आधी खालची केबल, मग वरची. अल्फाच्या खालच्या केबलसाठी बॅरलच्या मध्यापासून टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत 6 इंच हे माप धरतात. ते जुळवून ती शिफ्ट प्लेटवर बसवा. मग पंखा फिरवत दांडा आणि ड्राइव्ह दोन्ही पूर्ण फॉरवर्डला आणा, वरच्या केबलमधला सैलपणा हाताने घालवा आणि तिचा बॅरल असा फिरवा की टोक आणि बॅरल दोन्ही आपापल्या खुंटीवर ओढाताण न करता बसतील. मग पंख्याची परीक्षा पुन्हा, तिन्ही स्थितींत. फॉरवर्ड पूर्ण पडतो पण रिव्हर्स अपुरा राहतो, तर शिफ्ट लिव्हरमधल्या लांबट भोकातली खुंटी सरकवून धाव वाढवता येते.

केबलच्या टोकाचे नट करकचून आवळू नका. टेकेपर्यंत आवळायचे आणि अर्धा फेरा मागे घ्यायचे, म्हणजे टोक खुंटीवर फिरू शकतं. नवी केबल टाकूनही गियर जड राहतो तेव्हा आधी हे नट बघा.

दोष पेटीतच असेल तर

ड्राइव्हचं तेल तळाच्या बुचातून एका पांढऱ्या भांड्यात काढा. दुधाळ दिसलं तर सील गळतंय आणि पाणी शिरलंय. थंड प्रदेशात ते हिवाळ्याआधी काढलं नाही तर गोठून पेटी फुटते. बुचाच्या चुंबकावर बारीक करडी लुकण नेहमीची आहे. पण बोटात धरता येतील असे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर हात थांबवा. क्लच आणि गियर बदलताना चाकांमधलं अंतर पातळ चकत्यांनी शतांश मिलिमीटरमध्ये जुळवावं लागतं, त्याला खास मापं आणि हत्यारं लागतात. हे काम अनुभवी मेकॅनिकलाच द्यावं असं माझं ठाम मत आहे. त्याला तुम्ही केलेल्या परीक्षा आणि त्यांचे निकाल लिहून द्या, म्हणजे त्याचे तास आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील. तेल परत भरताना खालच्या भोकातूनच भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

दुसऱ्या बनावटी

स्टर्नड्राइव्ह बाजारात आणला व्होल्व्होने, 1959 मध्ये, अ‍ॅक्वामॅटिक या नावाने. मर्क्रूझर 1961 मध्ये आला. व्होल्व्होच्या जुन्या ड्राइव्हमध्ये दातेरी क्लच नसून शंकूच्या आकाराचा क्लच असतो आणि तोही वरच्या भागात. म्हणून तिथे कडकडाट होण्याऐवजी क्लच घसरतो: फॉरवर्ड टाकल्यावर इंजिन वाढतं आणि बोट उशिरा पकडते. केबलची धाव न्यूट्रलपासून दोन्हीकडे सारखी आहे का ते आधी बघा, कारण अपुऱ्या धावेने शंकू पूर्ण दाबला जात नाही आणि घासून गुळगुळीत होतो. मर्क्रूझरच्याच ब्राव्हो मालिकेतही शंकूचा क्लच वर असतो. तिथे शिफ्ट इंटरप्टर खटका शोधत बसू नका.

ओएमसीची कोब्रा, 1986 पासूनची, दातेरी क्लचचीच आहे आणि केबलच्या मापाबाबत अल्फाहून हट्टी. ठिणगी तोडण्याचं काम तिथे एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल करतं. त्याही आधीच्या, सत्तरच्या दशकातल्या ओएमसी ड्राइव्हमध्ये गियर विजेवर पडायचा. खालच्या पेटीत विद्युतचुंबकाची वेटोळी असतात आणि तेलही खास प्रकारचं लागतं. तिथे केबल शोधण्याऐवजी मल्टिमीटरने वायरी आणि वेटोळी तपासा. ही कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यामुळे ओएमसी ड्राइव्हची बोट घेण्याआधी सुटे भाग मिळतील का याची चौकशी विकत घेण्याच्या आधीच करा.

पाण्यात उतरल्यावर

पहिली चाचणी गर्दीच्या रॅम्पजवळ नको. सकाळी लवकर, मोकळ्या पाण्यात, वल्हं, नांगर आणि लाइफ जॅकेट बरोबर घेऊन जा. आयडलवर फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असे आठ-दहा फेरे करा आणि प्रत्येक वेळी इंजिन चालू राहतं का, ठक एकच येतो का ते ऐका. मग हळूहळू ताकद वाढवा. वेगात असताना थेट रिव्हर्स कधीच टाकू नका.

परत आल्यावर इंजिनाचं कव्हर उघडून, खालची केबल ट्रान्सममधून आत येते त्या जागी कोरडा टिश्यू लावून बघा. ओल लागली तर भात्याचा क्लॅम्प नीट बसलेला नाही, आणि तो दुरुस्त होईपर्यंत बोट रात्रभर पाण्यात ठेवू नका.